केमोथेरपी सुरू असलेल्या विद्यार्थ्याने खेळाच्या तासाला काय करावे?

प्रश्न : वर्गशिक्षक, तासगाव तालुका, जि. सांगली

नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेत सहावीचा वर्गशिक्षक आहे आणि आमच्याकडे स्वतंत्र क्रीडाशिक्षक नसल्यामुळे खेळाचे तासही मीच घेतो. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याला अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेला आहे. मुंबईतील उपचारांचा सुरुवातीचा अवघड काळ सरला असून सध्या मेंटेनन्सचा, म्हणजे आजार परत उलटू नये म्हणून दीर्घकाळ औषधे देण्याचा टप्पा चालू आहे. रोज रात्री गोळ्या, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, ठरावीक अंतराने व्हिन्क्रिस्टीनचे इंजेक्शन आणि त्यासोबत काही दिवस स्टेरॉइड, असे औषधांचे वेळापत्रक त्याच्या वडिलांनी मला दाखवले. छातीच्या उजव्या बाजूला त्वचेखाली पोर्ट, म्हणजे शिरेतून औषध देण्यासाठी सुई टोचायची छोटी डबी, बसवलेला आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो नियमित शाळेत येऊ लागला. वर्गात त्याची काही अडचण नाही, अडचण मैदानावर आहे. ‘सर, त्याला काहीही करू देऊ नका, फक्त बसवून ठेवा’ असे आई-वडिलांनी हात जोडून सांगितले आणि उगाच जोखीम नको म्हणून मुख्याध्यापकांनीही तेच ठरवले. त्यामुळे खेळाच्या तासाला तो कट्ट्यावर बसतो आणि इतर मुलांची दप्तरे व पाण्याच्या बाटल्या सांभाळतो. आजारापूर्वी हाच मुलगा खो-खोमध्ये वर्गातला सर्वांत चपळ पळणारा होता. मध्यंतरी परिपाठ संपल्यावर सगळी मुले जमिनीवरून उठली तेव्हा तो मात्र आधी ओणवा झाला, मग दोन्ही हात गुडघ्यांवर आणि तिथून मांड्यांवर टेकत त्याने कसेबसे शरीर वर ढकलले. हे पाहिल्यापासून मला अशी शंका येते आहे की, आपण त्याला जपतो आहोत की बसवून ठेवून अधिक अशक्त करतो आहोत?

अशा मुलाने व्यायाम किंवा खेळ करणे सुरक्षित आहे का, असल्यास कोणता आणि किती, आणि पालकांची भीती न दुखावता हा विषय त्यांच्याशी कसा बोलावा, याबद्दल अनुभवी व्यक्तींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : फिजिओथेरपिस्ट, सांगली

सर, आपली शंका रास्त आहे. कर्करोग झालेल्या मुलांच्या शारीरिक हालचालींविषयी विविध देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. उपचार चालू असतानाही मुलांनी आपल्या त्या दिवसाच्या ताकदीप्रमाणे, जिथे आणि जशी जमेल तशी हालचाल करत राहावे, हा त्यांचा गाभा आहे. प्रकृतीप्रमाणे बदल केले तर हालचाल सुरक्षित असते आणि लाभदायक ठरते. सरसकट बसवून ठेवण्याला वैद्यकीय आधार नाही.

आपण जे उठणे पाहिले, ते अतिशय महत्त्वाचे निरीक्षण आहे. स्टेरॉइडमुळे मांड्या, नितंब आणि खांदे यांचे, म्हणजे धडाजवळचे मोठे स्नायू कमकुवत होतात. त्यामुळे जमिनीवरून उठणे, जिना चढणे आणि शाळेतील भारतीय पद्धतीचे शौचालय वापरणे या तीन गोष्टी मुलाला सर्वांत आधी जड जातात. ही तिसरी गोष्ट मुले लाजेने कोणालाच सांगत नाहीत. काही मुले तर शौचालयात जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि व्हिन्क्रिस्टीनमुळे आधीच बद्धकोष्ठतेचा त्रास असतो, तो त्यामुळे वाढतो. त्याला हे एकट्याने विचारा. शौचालयात भिंतीला एक आडवा दांडा बसवून घेता आला, तर त्याचा मोठा उपयोग होईल.

व्हिन्क्रिस्टीनचा दुसरा परिणाम पायांच्या नसांवर होतो. पाऊल वर उचलणारे स्नायू दुबळे होतात, चालताना पंजा जमिनीवर आपटतो किंवा घासतो आणि मूल सपाट जागीसुद्धा अडखळते. त्याला भिंतीजवळ उभे करून पंजे उचलून टाचांवर पाच-सहा पावले चालायला सांगा. पंजे उचलले जात नसतील, तर हे पालकांमार्फत डॉक्टरांच्या कानावर घालायला हवे. अशा मुलाने शाळेत चप्पल घालू नये. घोट्याला धरून राहणारे, मागून बंद असलेले आणि नाडी किंवा पट्टा असलेले बूट घालावेत. तासगावकडच्या खडीच्या मैदानावर बरीच पडझड एवढ्यानेच टळेल.

आता करायचे काय, ते सांगतो. बाकावर बसून हात न टेकता उठणे आणि सावकाश बसणे. भिंतीला हात लावून टाचा उचलणे. भिंतीला दोन्ही तळहात टेकवून, एक पाय मागे ठेवून पोटरी ताणणे. एका पायावर तोल सांभाळणे, तेही शेजारी कोणी उभे असताना. मऊ चेंडू झेलणे आणि फेकणे. सुरुवातीला पाच ते दहा मिनिटे पुरेत, आणि एकदाच पुष्कळ करण्याऐवजी दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे केलेले चांगले. किती जोर लावावा, याची साधी खूण अशी की मुलाला हालचाल करताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता बोलता दम तुटत असेल, तर वेग कमी करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीपेक्षा अधिक गळून गेलेला असेल, तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजावे आणि पुढच्या वेळी त्याच्या निम्मे करावे.

दोन प्रकारच्या दिवसांत हात आखडता घ्यावा. एक म्हणजे पाठीच्या मणक्यातून औषध दिल्यानंतरचे एक-दोन दिवस, कारण उभे राहिल्यावर डोके दुखू शकते. दुसरे म्हणजे स्टेरॉइडचे दिवस. त्या दिवसांत भूक अनावर होते, पाय दुखतात, मूल चिडते, रडते. त्या वागण्यावरून शिस्तीचा प्रश्न करू नये. मात्र स्टेरॉइड बंद झाल्यावरही खुब्यात किंवा गुडघ्यात दुखत राहिले, मूल लंगडू लागले, तर ‘थकला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. दहा वर्षांपुढील मुलांत स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडण्याचा धोका अधिक असतो आणि तो वेळीच तपासावा लागतो.

उत्तर : एक आई, सातारा

माझी मुलगी याच आजारातून गेली आहे. तिचे उपचार पूर्ण झाले असून ती आता आठवीत शिकते. त्यामुळे पालकांच्या बाजूने लिहिते.

‘काहीही करू देऊ नका’ हे त्या आई-वडिलांच्या तोंडून का निघते, ते मला कळते. मुंबईच्या वॉर्डात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी झाल्यावर हिरड्यांतून रक्त येताना पाहिलेले असते, सुईच्या जागी पडलेले काळे-निळे डाग पाहिलेले असतात. महिनोन्महिने ‘पडू नको, धावू नको, हात लावू नको’ हेच बोलणे घरात चाललेले असते. त्या आई-बापांना ‘व्यायाम चांगला असतो’ असे शिक्षकांनी कितीही समजावले, तरी पटत नाही. आमच्या बाबतीत उपयोग झाला तो डॉक्टरांच्या हाताने लिहिलेल्या चार ओळींचा. फॉलो-अपला गेल्यावर आम्ही विचारले आणि त्यांनी केसपेपरवरच लिहून दिले की, मुलीने रोज चालावे, खेळाच्या तासाला भाग घ्यावा, धक्काबुक्कीचे खेळ टाळावेत आणि प्लेटलेट अमुक संख्येच्या खाली असतील तर मैदानावर जाऊ नये. तो कागद हातात आल्यावर माझ्या सासूबाईंचाही विरोध मावळला. तेव्हा सर, आपणच आपल्या प्रश्नांची एक चिठ्ठी लिहून पुढच्या फॉलो-अपच्या वेळी पालकांसोबत द्या. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने जाऊन सकाळी ओपीडीच्या रांगेत उभे राहणाऱ्या माणसाला ऐन वेळी काहीच आठवत नाही. प्रश्न लिहिलेले असले की उत्तरही लिहून मिळते.

दुसरी व्यवस्था आम्ही दैनंदिनीची केली होती. रक्ताची तपासणी झाली की त्या दिवशीचा सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) निकाल पाहून मी तिच्या शाळेच्या वहीत एक ओळ लिहीत असे : ‘आज खेळू शकते’, ‘आज फक्त चालणे’ किंवा ‘आज वर्गातच’. आकडे वाचून अर्थ लावण्याचे ओझे बाईंवर टाकले नाही. बाई दुसऱ्या बाजूने लिहीत, की आज दुसऱ्या मजल्यावर जाताना थांबली, आज आपणहून पळाली. त्या नोंदी डॉक्टरांनी फार लक्षपूर्वक वाचल्या.

खेळ म्हणाल तर माझ्या मुलीला लेझीमने परत मैदानावर आणले. पायांत ताकद नव्हती तेव्हा ती पहिल्या रांगेच्या कडेला स्टुलावर बसून केवळ हातांचे ठेके धरायची. पुढे उभी राहून, मग एक पाऊल पुढे-मागे, आणि खाली वाकण्याचा हात आला की ती तेवढा सोडून द्यायची. ताल चुकत नव्हता, त्यामुळे ती वेगळी दिसतही नव्हती. दप्तरे सांभाळणे किंवा गुण लिहिणे ही कामे वाईट नाहीत, पण ती सर्व मुलांनी पाळीपाळीने करावीत. कायम एकाच मुलाकडे राहिली की आपण संघाचे नाही, हे त्याला समजून चुकते.

आधीच्या शाळेने पूर्ण बरी झाल्याचा दाखला आणेपर्यंत तिला घरीच ठेवा असे सांगितले होते, म्हणून आम्हाला शाळा बदलावी लागली. आपल्यासारखे शिक्षक असा प्रश्न विचारतात, याचे मला मनापासून समाधान वाटते.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचेही आभार. टाचांवर चालण्याची चाचणी आज घेतली. डावा पंजा उचलला जातो, उजवा जेमतेम. वडिलांना लगेच फोन केला आहे. शौचालयाबद्दल विचारल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग त्याने मान हलवली. दांड्याचे काम या आठवड्यात करून घेतो.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. प्लेटलेटची ‘अमुक संख्या’ साधारण किती असते आणि मैदानावर कोणती लक्षणे दिसली तर तातडी समजावी? शिवाय आमच्या भागात मुले तालमीत जातात, उन्हाळ्यात विहिरीत पोहतात. त्याबद्दल काय सांगावे?

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, कराड

नेमकी मर्यादा त्याच्या कर्करोगतज्ज्ञांनीच ठरवायची असते, तरी सर्वसाधारण व्यवहार सांगतो. निरोगी माणसाच्या प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात. त्या पन्नास हजारांच्या खाली असताना धडक, उडी किंवा पडण्याची शक्यता असलेले खेळ आणि सायकल बंद ठेवतात. चालणे, स्नायू ताणण्याचे व्यायाम, मऊ चेंडूचा खेळ चालतो. वीस हजारांच्या खाली असतील तर मूल बहुधा शाळेत नसतेच, आणि तेव्हा हालचाल डॉक्टरांना विचारूनच करायची असते. हिमोग्लोबिन कमी असताना धाप लवकर लागते, म्हणून श्रम कमी करावे लागतात. न्यूट्रोफिल या संरक्षक पेशी पाचशेच्या खाली गेल्या की प्रश्न व्यायामाचा नसून गर्दीचा आणि संसर्गाचा असतो. मेंटेनन्सच्या टप्प्यात बहुतेक दिवस हे आकडे इतके खाली नसतात, आणि म्हणूनच या काळात खेळ सुरू करणे शक्य होते.

तातडीच्या गोष्टींत ताप सर्वांत वर आहे. अंग ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापले, तर क्रोसिन देऊन शाळा सुटेपर्यंत वाट पाहू नये. पालकांना लगेच बोलवावे आणि मुलाने थेट रुग्णालयात जावे. पेशी कमी असताना आलेल्या तापात प्रतिजैविकाचे इंजेक्शन पोहोचल्यापासून तासाभरात सुरू व्हावे, असा प्रयत्न असतो. मुंबई इथून सहा-सात तासांवर आहे, हे लक्षात घेऊन जवळच्या कोणत्या रुग्णालयात न्यायचे ते आधीच ठरवून ठेवा आणि उपचारांच्या सारांशाची एक प्रत शाळेच्या कपाटात असू द्या. छातीत दुखणे, भोवळ, बसल्यावरही न थांबणारी धाप, दहा मिनिटे दाबून धरूनही न थांबणारे नाकातील रक्त, डोक्याला लागलेला मार आणि पोर्टच्या जागी सूज किंवा लाली, यांपैकी काहीही दिसले तरी खेळ तिथेच थांबवून पालकांना कळवावे.

वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर झाल्याचे समजले, तर त्याच दिवशी या मुलाच्या घरी सांगा. कांजिण्या पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात आणि संपर्कानंतर द्यायचे संरक्षक औषध मर्यादित दिवसांतच उपयोगी पडते.

तालीम सध्या नको. कुस्तीत छातीवर दाब येतो, पोर्टवर थेट आघात होऊ शकतो आणि स्टेरॉइडमुळे हाडेही कमकुवत झालेली असतात. ज्या मुलांना डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन या गटातील औषधे मिळालेली असतात, त्यांच्या हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून इकोकार्डिओग्राफी (हृदयाची सोनोग्राफी) वेळोवेळी करावी लागते. श्वास रोखून जड वजन उचलण्याचे व्यायाम त्यांनी डॉक्टरांच्या संमतीशिवाय करू नयेत. पोहण्याचे उत्तर थोडे वेगळे आहे. पोर्टची जखम पूर्ण भरली असेल आणि त्यात सुई नसेल, तर स्वच्छ, क्लोरीनयुक्त तलावात पोहायला अनेक डॉक्टर परवानगी देतात. हातातून बाहेर आलेली नळी असेल तर देत नाहीत. विहीर आणि कृष्णेचे पाणी मात्र उपचार संपेपर्यंत टाळावे. मेथोट्रेक्सेटमुळे त्वचा उन्हाने लवकर भाजते, त्यामुळे टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा, आणि फेब्रुवारीनंतर त्याचा खेळाचा तास सकाळीच ठेवावा.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, वाई

वैद्यकीय बाजू इथे पुरेशी आली आहे, म्हणून मी वर्गाबद्दल लिहितो. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून एका अभ्यासात असा प्रयोग झाला की, कर्करोग झालेल्या प्रत्येक मुलाच्या वर्गातून दोन सोबती निवडले गेले. ते ठरावीक दिवशी रुग्णालयात जाऊन त्याच्यासोबत अभ्यास करत आणि व्यायामही करत. इतक्या लांबच्या रुग्णालयात मुलांना नेणे आपल्याला शक्य नाही, परंतु दोन सोबती नेमणे आपल्या हातात आहे. पालकांची आणि त्या मुलाची संमती घेऊन वर्गाला एवढे सांगावे की हा आजार संसर्गजन्य नाही, औषधांमुळे त्याचे पाय दुबळे झाले आहेत, आणि त्याला मागून ढकलायचे किंवा पाठीत थाप मारायची नाही. सहावीच्या मुलांना कारण समजले की ती मोठ्यांपेक्षा अधिक जबाबदारीने वागतात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

आपला विद्यार्थी खो-खोचा खेळाडू आहे, तर खो-खोच बदलून घ्या. चौकोनात उकिडवे बसणे आणि तिथून झेप घेऊन उठणे हेच त्याला आज अशक्य आहे. म्हणून सरावाच्या तासाला दोन्ही बाजूंच्या सगळ्याच मुलांनी बसण्याऐवजी उभे राहावे, ‘खो’ पाठीवर हात न मारता नुसत्या आवाजाने द्यावा आणि धावण्याऐवजी भरभर चालण्याचा नियम लावावा. नियम सर्वांना सारखा असल्यामुळे त्याच्यासाठी सवलत दिली असे कोणाला वाटत नाही, आणि चालण्याच्या खो-खोत डोके लढवणाऱ्याचाच निभाव लागतो. लंगडी आणि कबड्डी तूर्त बाजूला ठेवा.

मुख्याध्यापकांची काळजी लेखी व्यवस्थेने कमी होते. डॉक्टरांची सूचना, पालकांचे संमतिपत्र आणि आणीबाणीचे दूरध्वनी क्रमांक एका फाइलमध्ये ठेवा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्याची नोंद करून घ्या. शारीरिक शिक्षणाची श्रेणी देताना त्याची तुलना इतरांशी न करता त्याच्याच मागील महिन्याशी करावी. जानेवारीत हात टेकून उठणारा मुलगा मार्चमध्ये हात न टेकता उठला, तर त्याच्या नोंदीत लिहिण्यासारखी याहून मोठी प्रगती नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून ठेवली आहे. पुढच्या सोमवारी ते मुंबईला जात आहेत, उत्तर आल्यावर उभ्याच्या खो-खोने सुरुवात करीन. साताऱ्याच्या ताईंना एकच विचारतो : सगळी परवानगी मिळाल्यावरही मुलगा स्वतःच नको म्हणाला, तर काय करावे? दोन दिवसांपूर्वी मी चेंडू पुढे केला, तेव्हा तो ‘मला येत नाही आता’ म्हणाला.

उत्तर : एक आई, सातारा

माझी मुलगीही असेच म्हणत असे. ती आधी जितकी वेगाने पळायची, ते तिला आणि तिच्या मैत्रिणींना आठवत होते. त्या सर्वांसमोर हरायला तिची तयारी नव्हती. म्हणून तिच्या बाईंनी पहिले काही आठवडे तिला मैदानावर आणलेच नाही. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात, एका मैत्रिणीबरोबर, जो खेळ ती पूर्वी कधीच खेळली नव्हती तो शिकवला. आमच्याकडे तो रिंग फेकण्याचा खेळ होता. नव्या खेळात जुन्या वेगाशी तुलना होत नाही. आपणही खो-खोच्या आधी असे काही शोधा, आणि नको म्हणालेल्या दिवशी आग्रह न करता ‘बरं, परवा विचारतो’ एवढेच म्हणा. मात्र परवा खरोखर विचारा, कारण विचारायचे थांबले की मुले ते लगेच ओळखतात. आणि सतत आठवडाभर तो प्रत्येक गोष्टीला नको म्हणत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर ते पालकांना सांगा. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत मुलांसाठी समुपदेशक असतात आणि फॉलो-अपच्याच दिवशी त्यांना भेटता येते.